गणिताच्या तासाची पहिली दहा मिनिटं: प्राथमिक वर्गासाठी रोजचे सराव आणि खेळ

गणिताचे उपक्रम शोधायला बसलं की शेकड्यांनी सापडतात. रंगीत कार्डं, कातरकाम, गाणी, तक्ते. त्यातले बरेचसे एकदा करून संपतात. मुलांचे हात तासभर चालतात, डोकं फारसं चालत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा काहीतरी नवं शोधायची वेळ शिक्षकावरच येते. इथे दिलेली रीत उलटी आहे. मोजकेच सराव निवडायचे, रोज ठरल्या वेळी करायचे आणि बदलायच्या त्या फक्त संख्या. सरावाचे नियम एकदा मुलांच्या अंगवळणी पडले की सूचना देण्यात वेळ जात नाही.

सामान फार लागत नाही. फळा-खडू, प्रत्येकाकडे पाटी किंवा पाठकोरे कागद, थोडे फासे, मूठ-दोन मूठ बाटल्यांची झाकणं किंवा खडे, आणि १०० मण्यांची एक माळ. माळेत दहा-दहा मण्यांचे दोन रंग आलटून पालटून ओवा, म्हणजे दशक लांबूनही दिसतो. फासे कमी असतील तर १ ते ६ अंकांच्या चिठ्ठ्या घडी करून डबीत टाका, काम तेच होतं.

संख्यागप्पा: एकच उदाहरण, अनेक रीती

हा सराव जमला की पुढचे सगळे सोपे जातात, म्हणून याच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

१. फळ्यावर एकच उदाहरण लिहा, आणि आडवं लिहा. उभी मांडणी दिसली की मुलं एककापासून सुरुवात करून हातचा घेतात आणि विचार करायचं कारणच उरत नाही. वह्या, पाट्या, पेन्सिली बाजूला.

२. हात वर करायचा नाही, असा नियम करा. उत्तर सुचलं की मुठीतून अंगठा काढून छातीशी धरायचा. दुसरी रीत सुचली की एक बोट आणखी उघडायचं. वर्गात पहिला हात वर गेला की निम्म्या मुलांचा विचार तिथेच थांबतो. अंगठ्याची खूण फक्त शिक्षकाला दिसते. शिवाय ज्याला लगेच उत्तर आलं, तो दुसरी रीत शोधण्यात गुंततो.

३. थांबा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातली संभाषणं तपासली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. ही शांतता तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरं लांब होतात आणि जास्त मुलं बोलतात. दोन अंकी वजाबाकीला तर याहून बराच जास्त वेळ द्यायला हवा. मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजा, म्हणजे तुमचीही घाई आवरेल.

४. आलेली सगळी उत्तरं फळ्यावर एका ओळीत लिहा. बरोबर-चूक काही सांगू नका, चेहऱ्यावरूनही नाही. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

५. आता विचारा, “कसं काढलंस?” मूल जसं सांगेल तसंच लिहा. तुमच्या सोयीची मांडणी त्याच्या तोंडी घालू नका.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? समजा फळ्यावर ६१ − २९ आहे. उत्तरं आली तीन: ३०, ३२ आणि ४८.

एक मुलगा सांगतो, “६१ मधून ३० काढले, ३१ उरले. मग अजून एक काढला. ३०.”

एक मुलगी म्हणते, “मी २९ पासून पुढे गेले. एक मिळवून ३०, मग तीस मिळवून ६०, आणि एक, ६१. एक, तीस, एक. बत्तीस.”

तिसरा सांगतो, “६ दशकांतून २ दशक गेले, ४ उरले. ९ मधून १ गेला, ८. अठ्ठेचाळीस.”

इथे बहुतेक शिक्षक ३२ ला गोल करून पुढे जातात आणि हातातली सगळ्यांत चांगली संधी सोडतात. पहिल्या मुलाची रीत उत्तम आहे, फक्त शेवटची पायरी उलटी पडली आहे. त्याला विचारा, “काढायचे होते २९. तू काढलेस ३०. जास्त काढलेस की कमी?” फळ्यावर संख्यारेषा काढून ६१ वरून मागे ३० ची उडी दाखवा. तो ३१ वर पोचतो, रेषेकडे बघतो आणि बहुधा स्वतःच म्हणतो, “एक जास्तीचा गेला. परत द्यायला पाहिजे.” ४८ सांगणाऱ्याला थेट चूक दाखवण्याऐवजी सगळ्या वर्गाला विचारा, “६० मधून ३० गेले तर किती उरतील? मग आपलं उत्तर त्याच्या आसपास यायला नको का?” मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायची ही सवय दुसरी-तिसरीत सर्रास दिसते. नियम पुन्हा सांगून ती जात नाही, अंदाजाशी पडताळलं की जाते.

दहा मिनिटांत एकच उदाहरण झालं तरी पुरे. उदाहरणं मात्र विचारपूर्वक निवडा. पहिलीत ९ + ६ किंवा ८ + ७, कारण त्यात दहा पुरे करायची युक्ती दडलेली आहे. दुसरीत ३८ + २७. तिसरीत १९९ + ५६, म्हणजे २०० चा मोह होईल. चौथीत १८ × ५, कारण कुणीतरी त्याचे ९ × १० करतंच, आणि तसं केलं की १६ × २५ दुसऱ्या दिवशी ठेवा. २३ + ४१ सारखी उदाहरणं इथे निरुपयोगी. त्यात रीत एकच निघते, मग चर्चा कशाची करणार?

ठिपके: न मोजता किती?

पहिली-दुसरीसाठी हा सराव रोजचा हवा. कार्डावर ठिपके काढा, दोन-तीन सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: किती होते, आणि तुला ते कसे दिसले? साधारण चारपर्यंतच्या वस्तू माणसाला न मोजता एका नजरेत कळतात. त्यापुढे डोळा गट पाडतो, आणि गट पाडणं हीच बेरजेची सुरुवात आहे. सात ठिपके कुणाला ४ आणि ३ दिसतात, कुणाला ५ आणि २, कुणाला ३, ३ आणि मधला १. तिन्ही फळ्यावर चित्रासकट लिहा.

याच्या जोडीला दहाची चौकट वापरा: पाच-पाच घरांच्या दोन ओळी. त्यात आठ झाकणं ठेवली की दोन घरं रिकामी दिसतात. ८ म्हणजे १० ला दोन कमी, हे मुलाला सांगावं लागत नाही. दोन चौकटी शेजारी ठेवून ८ + ७ करायला सांगा. मुलं आपोआप सातातली दोन झाकणं उचलून पहिली चौकट भरतात.

एकसुरात मोजणी, पण फळ्यावर

सगळ्यांनी मिळून मोजायचं, हा जुनाच प्रकार. त्याला धार येते ती शिक्षक फळ्यावर आकडे कसे मांडतो त्यामुळे. समजा १५-१५ ने मोजतोय. एका ओळीत चारच संख्या लिहा:

१५, ३०, ४५, ६०
७५, ९०, १०५, १२०
१३५, १५०, …

इथे थांबवा. “काय काय दिसतंय?” कुणी म्हणतं, शेवटी ५, ०, ५, ० येतंय. कुणाला दिसतं की खालच्या ओळीत जाताना प्रत्येक वेळी ६० वाढतात. मग विचारा, “पाचव्या ओळीतली शेवटची संख्या कोणती असेल? मधल्या न मोजता सांगा.” शेवटच्या स्तंभात ६०, १२०, १८० असं जात असल्यामुळे ३०० येणार, हे चौथीतल्या मुलांना जमतं. इथे गुणाकाराचा पाया पाठांतराशिवाय पडतो. हीच मोजणी ओळीत तीन संख्या ठेवून केली तर खाली जाताना ४५ वाढतात. मांडणी बदलून बघा.

पहिली-दुसरीत मोजणीला एक वेगळी अडचण असते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच येतो आणि मग वीस, लिहिताना मात्र २ आधी. म्हणून ऐकून ५२ लिहिणारी मुलं वर्गात असतातच. ‘एकोणतीस’ ऐकून ३ चा आकडा मांडणारीही असतात. त्यांना गणित येत नाही असा शिक्का मारू नका. मणीमाळेवर २५ व्या मण्यापाशी चिमटा लावा, दोन पूर्ण दशक आणि वर पाच मणी हाताने दाखवून घ्या, मग लिहू द्या. २९, ३९, ४९ या जागांवर थोडा जास्त वेळ थांबा. माळेवर तीस पूर्ण व्हायला एकच मणी उरलेला दिसला की ‘एकोण’ कळतं. ८९ पर्यंत ही रीत चालते, ९९ ला मात्र ‘नव्याण्णव’ म्हणतात, हे सांगूनच टाका.

वेगळं कोण?

फळ्यावर चौकोन काढून चार घरांत चार संख्या लिहा: ५, १२, २०, ३५. प्रश्न एवढाच की यातली वेगळी कोणती, आणि का?

गंमत अशी की प्रत्येकीसाठी कारण सापडतं. ५ एकटी एकअंकी आहे. १२ एकटी पाचाच्या पाढ्यात नाही. २० मध्येच शून्य आहे. ३५ एकटी साताच्या पाढ्यात येते. चुकीचं उत्तर नसल्यामुळे एरवी गप्प बसणारी मुलं इथे बोलतात. ‘मला आवडत नाही म्हणून’ हे कारण मात्र चालत नाही, तेवढा नियम पाळा. संख्यांऐवजी आकृत्या, अपूर्णांक, घड्याळातल्या वेळाही चालतात.

बरोबरच्या चिन्हाचा अर्थ

८ + ४ = □ + ५

हे तिसरीच्या वर्गात लिहून बघा. पुष्कळ मुलं चौकटीत १२ लिहितील, काही जण दिसेल ते सगळं मिळवून १७. कारण त्यांच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’. दोन्ही बाजू सारख्या, हा अर्थ त्यांना कुणी दाखवलेलाच नसतो.

यावर उपाय म्हणजे रोज दोन मिनिटं खरं की खोटं. फळ्यावर विधान लिहायचं, मुलांनी पाटीवर ‘ख’ किंवा ‘खो’ लिहून दाखवायचं. क्रम असा ठेवा: ७ = ३ + ४ (उत्तर डावीकडे, इथेच वाद होतो), मग ६ = ६, मग ५ + ३ = ३ + ५, मग ९ + ४ = १० + ३, आणि शेवटी ३७ + २८ = ३८ + २७. शेवटच्या विधानात बेरीज न करताच उत्तर देता येतं. कसं, ते मुलांकडूनच काढून घ्या.

शाब्दिक उदाहरण, संख्यांशिवाय

१९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गणित संशोधकांनी लहान मुलांना विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या संख्या वापरून उत्तर काढलं. ही मुलं मंद नव्हती. शाब्दिक उदाहरणात दोन संख्या असतात, त्यांचं काहीतरी करायचं असतं आणि उत्तर येतंच, एवढं त्यांनी शाळेत पक्कं शिकून घेतलं होतं. ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी असले खुणेचे शब्द शिकवले की हेच होतं. मला विचाराल तर ते तक्ते भिंतीवरून काढून टाका.

त्याऐवजी उदाहरण टप्प्याटप्प्याने उघडा. पहिल्यांदा एवढंच लिहा: ‘बसमध्ये काही मुलं होती. थांब्यावर काही उतरली आणि काही चढली.’ विचारा, काय घडतंय? आता मुलं जास्त असतील की कमी? वाद होऊ द्या. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर यायला हवं. मग दुसरा टप्पा: ‘बसमध्ये १८ मुलं होती. थांब्यावर ७ उतरली आणि काही चढली.’ आता काय सांगता येईल? तिसरा: ‘आता बसमध्ये २० मुलं आहेत.’ आणि शेवटी प्रश्नही तुम्ही लिहू नका. ‘इथे काय विचारता येईल?’ हे मुलांना विचारा. प्रश्न त्यांनी तयार केला की सोडवायला सांगावं लागत नाही. (चढली ९.) आठवड्यातून एकदा पुरे, पण तासातली पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवा.

खेळ कसे निवडावेत

एकच कसोटी लावा: जिंकायला गणिताचा विचार उपयोगी पडतो का? पट्टीवर फासा टाकून पुढे जाणं आणि मध्ये ‘गणित सोडवा’ असं घर येणं, हा सोंगट्यांचा खेळ झाला. गणित त्यात चिकटवलेलं आहे. सगळ्यांत आधी ओरडेल तो जिंकला, हे खेळ तर टाळाच. त्यात ठरावीक चार-पाच मुलं जिंकतात आणि बाकीची आपण हळू आहोत एवढंच शिकतात.

मोठी संख्या बनवा. प्रत्येकाने शतक, दशक, एकक अशी तीन घरं काढायची. शिक्षक फासा टाकतो, येईल तो अंक प्रत्येकाने लगेच कुठल्या तरी घरात लिहायचा. नंतर खोडता येत नाही. तीन वेळा फासा झाला की सगळ्यांत मोठी संख्या ज्याची, तो जिंकला. पहिल्यांदा ६ आला तर प्रश्नच नाही, १ आला तरी नाही. ४ आला तर? शतकात ठेवावा की ५ किंवा ६ ची वाट बघावी? उरलेल्या दोन फाशांत निदान एकदा ४ पेक्षा मोठा अंक येण्याच्या शक्यता ३६ पैकी २० आहेत, म्हणजे निम्म्यापेक्षा थोड्या जास्त. मुलांना हा हिशोब माहीत नसतो, पण काही दिवसांत त्यांची पारख तयार होते. ‘चार का ठेवलास?’ हे प्रत्येक डावानंतर विचारा. स्थानिक किमतीचा इतका सराव स्वाध्यायाच्या पानांतून होत नाही.

थांबू की टाकू? दोघांत एक फासा. पाळी आली की हवा तितक्या वेळा टाकायचा आणि अंक मिळवत जायचे. थांबलात तर बेरीज तुमच्या खात्यात. १ पडला तर त्या पाळीतलं सगळं गेलं. आधी १०० करील तो जिंकला. दुसरीत ५० पुरे. अट एकच, प्रत्येक टाकीनंतर बेरीज मोठ्याने बोलायची आणि समोरच्याने तपासायची.

सम की विषम? दोन फासे टाकून अंकांचा गुणाकार करायचा. सम आला तर एकाला गुण, विषम आला तर दुसऱ्याला. थोड्याच वेळात विषमवाला कुरकुर करायला लागतो, आणि ती कुरकुर रास्त आहे: ३६ जोड्यांपैकी फक्त ९ मध्ये गुणाकार विषम येतो. ‘मग खेळ बरोबरीचा करायला काय बदलाल?’ असं विचारून बाजूला व्हा. कुणी गुणाकाराऐवजी बेरीज घेऊन बघेल (तिथे १८-१८ अशी बरोबरी होते), कुणी विषमला जास्त गुण देईल.

वजाबाकीचा कंटाळा आला असेल तर

द. रा. कापरेकर शाळेतले शिक्षक होते आणि संख्यांशी खेळणं हा त्यांचा ध्यास. चार अंकी संख्यांसाठी त्यांनी शोधलेला ६१७४ हा स्थिरांक जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. तिसरी-चौथीला त्याचा तीन अंकी भाऊ पुरतो. कुठलीही तीन अंकी संख्या घ्या, फक्त तिन्ही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२ घेतली तर ५३२ − २३५ = २९७, मग ९७२ − २७९ = ६९३, मग ९६३ − ३६९ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५. यापुढे ४९५ च येत राहते. जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत सगळे तिथेच पोचतात. मध्ये ९९ आले तर ते ०९९ धरायचे. कुणाचं उत्तर ४९५ ला पोचलं नाही तर त्याची वजाबाकी कुठेतरी चुकली आहे, आणि ती शोधायला तुम्हाला वही तपासावी लागत नाही.

आठवड्याची मांडणी आणि मोठा वर्ग

सुरुवातीला फक्त दोन सराव घ्या: संख्यागप्पा तीन दिवस, बाकी दोन दिवस मोजणी किंवा वेगळं कोण. खरं-खोटं कुठेही दोन मिनिटांत बसतं. शेवटच्या दिवशी खेळ. पहिला आठवडा गोंधळाचा जातो, अंगठ्याची खूण विसरून मुलं उत्तर ओरडतात. अशा वेळी रागावण्यापेक्षा उदाहरण पुसून दुसरं लिहा.

पट मोठा असेल तर रीत सांगण्याआधी शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलू द्या. त्यामुळे सगळ्यांच्या तोंडून एकदा तरी रीत निघते, आणि तुम्हाला फिरता फिरता ऐकता येतं की कुणाला पुढे बोलवावं. दोन इयत्ता एकत्र असतील तर वेगळं कोण आणि मोठी संख्या बनवा हे दोन्ही सगळ्यांना सोबत खेळता येतात. लहानांना दोन घरं, मोठ्यांना चार.

हजेरीच्या यादीची एक प्रत फळ्याजवळ ठेवा आणि ज्याने रीत सांगितली त्याच्यापुढे खूण करा. आठवड्याअखेरीस कोऱ्या राहिलेल्या नावांकडे बघा. त्यांना सोमवारी एकदम फळ्यापाशी उभं करू नका; दुसऱ्याने सांगितलेली रीत ‘तुझ्या शब्दांत सांग’ असं म्हणा, तिथून सुरुवात होते.

सराव जुना झाल्यासारखा वाटला तर तो बदलायची घाई नको. बहुतेक वेळा संख्या सोप्या पडू लागलेल्या असतात. त्या वाढवा, किंवा वेगळं कोणचा चौकोन दोघादोघांच्या जोडीला तयार करायला द्या. चारही घरांना एकेक कारण हवं, एवढी अट घातली की तो संपूर्ण तास त्यातच जातो.